पीळ

सहाला पाळी सुटते.
रात्रभर माझ्यासमोरच्या पट्ट्यावरून बटाटे गेलेले असतात,
सोललेले, किसलेले, चौकोनात दाबलेले,
गोठून खोक्यात बसायला निघालेले.
काळा डाग दिसला की उचलायचा, एवढंच माझं काम.
नऊ वर्षं.
मर्लीन म्हणते, झोपेतही तुझा उजवा हात
चादरीवरून काहीतरी वेचत असतो.

कामगारांना खोकं निम्म्या भावात मिळतं.
मी आणत नाही.

बाहेर दंव. गाडीची काच खरवडून घरी आलो तर
स्वयंपाकघरात दिवा. टेगन जागा.
आयडाहोत आमच्याकडे बटाटे काढायला शाळांना सुट्टी देतात,
थोराड पोरं ट्रॅक्टरमागे जातात,
अकरा वर्षांची घरात कंटाळतात.
जूनमध्ये आईबरोबर हा इथे राहायला आला.
मला कुठल्याच नावानं हाक मारत नाही.
काही हवं असलं की माझ्या समोर येऊन
उभा राहतो, खांबासारखा.

ऑर्व्हिलनं पायरीवर पिशवी ठेवली होती,
नदीकाठच्या काळ्या मातीसकट.
चार धुतले. साल तशीच ठेवली.
किसणीची मोठी भोकं, आणि शेवटी
अंगठ्याचं थोडं कातडं, ते नेहमीचंच.
कीस बघता बघता गुलाबी पडतो,
म्हणून थंड पाण्यात. पाणी गढूळ. ओतलं. पुन्हा.
भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसला,
टेगननं त्यात बोट घालून रेघ ओढली.
रेघ मिटली. त्यानं पुन्हा ओढली.

मग फडकं. सगळं यावरच आहे, म्हटलं,
पाणी राहिलं की भाजत नाही, शिजतं,
आणि शिजलेलं तर काय, दवाखान्यातही देतात.
तो हसला नाही. पण फडक्याचं एक टोक धरलं.

मी पिळू लागलो, तोही पिळू लागला,
दोघं एकाच बाजूला,
आणि मधलं गाठोडं नुसतं गरगर फिरलं.
"तू उलट्या बाजूला," मी म्हटलं.
"तुम्हीच व्हा उलटे," तो म्हणाला.
झालो.
तेव्हा कुठे पीळ बसला,
आणि पाणी आधी थेंब थेंब, मग धार लागून
सिंकमध्ये, त्याच्या मोज्यांवर, माझ्या कामाच्या बुटांवर.
एवढं पाणी होतं त्यात!
आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो.

बिडाचा तवा, डुकराची चरबी, धूर यायच्या जरा आधी.
कीस पडला तसा तवा खेकसला.
मीठ. पसरलं. दाबलं.
आता हात लावायचा नाही.
हे कारखान्यात कुणी शिकवत नाही,
तिथे सगळं सतत हलत असतं.
टेगन कालथा घेऊन उभा, दर अर्ध्या मिनिटानं माझ्याकडे बघतो.
नाही.
कड तांबूस झाली. नाही.
वास बदलला, कच्च्या मातीचा जाऊन काजूसारखा काहीसा.
आता.

उलथताना मोडलं. अर्धं तव्यात, अर्धं शेगडीवर.
शेगडीवरचं आम्ही आधी खाल्लं, उभ्यानंच, तोंड भाजत,
आणि तो कुरकुर आवाज
झोपलेल्या घरात फार मोठा वाटला.
कडेचं सगळं त्यानं घेतलं,
मऊ मधलं माझ्याकडे सरकवलं.
मर्लीनसाठी एक भाग झाकून ठेवला, तो मऊ पडणार हे ठाऊक असूनही.

"कांदा नाही घातलात," तो म्हणाला.
"बाबा घालतात."

मी तोंडातला घास संपवला.
फ्रिजवरच्या कागदावर, भांड्यांचा साबण आणि
गॅरेजच्या दिव्याखाली, लिहिलं: कांदे.
त्यानं पेन्सिल घेतली
आणि पुढे लिहिलं: लाल नकोत.